खामगावचा कापूस आणि पदवीचा अभ्यासक्रम

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या कापसाचा भाव कोण ठरवितो, असा प्रश्न विचारला, तर पाऊस, बोंडअळी, व्यापारी आणि सरकार अशी चार उत्तरे कोणीही देईल. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. २०२५ सालच्या हंगामाचेच उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियावर आर्थिक निर्बंध घातले. त्यामुळे स्वस्त झालेले रशियन खनिज तेल भारताने मोठ्या प्रमाणावर खरेदी केले. या खरेदीचे कारण पुढे करून अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधीच्या २५ टक्के आयात शुल्काखेरीज आणखी २५ टक्के शुल्क लादले आणि २७ ऑगस्टपासून एकूण बोजा ५० टक्क्यांवर नेला. तयार कपड्यांच्या निर्यातीवर जगणाऱ्या गिरण्या आणि कारखाने हवालदिल झाले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले. ही माफी प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत होती. पुढे ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यात पहिल्या वेचणीचा कापूस बाजारात येऊ लागतो, नेमक्या त्याच वेळी परदेशी कापसासाठी दार उघडे होते.

म्हणजे युक्रेनची रणभूमी, वॉशिंग्टनचा निर्णय, दिल्लीची अधिसूचना आणि खामगावचा बाजार हे एकाच साखळीचे चार दुवे होते. ही साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून सांगणे हे आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचे काम आहे. हा विषय राज्यशास्त्र घेणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो, त्यावर परीक्षा होते, गुणही मिळतात. असे असताना, शेतातून कापूस वेचून वर्गात येणारा विद्यार्थी ही साखळी उलगडू शकतो काय? उत्तर बहुधा नकारार्थी येईल. आणि तो दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नाही.

जुने नाते

वऱ्हाडचा जगाशी संबंध जागतिकीकरणाच्या नव्या पर्वात जुळला, अशी एक समजूत रूढ आहे. ती निराधार आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती सोपविला, त्यामागे कर्जाचा आणि फौजेच्या खर्चाचा हिशेब होता, तशीच या प्रदेशातील काळ्या जमिनीवर इंग्रजांची नजरही होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला. त्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दोन अमेरिकी सैन्ये एकमेकांशी लढली, त्याचा परिणाम मलकापूर आणि खामगावच्या सावकारी वह्यांपर्यंत पोहोचला.

भाव कोसळला तरी कापसाची ओढ संपली नाही. मुख्य लोहमार्गावरील जलंबपासून खामगावपर्यंतची छोटी शाखा १८७० मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉयने यावे, यातच खामगावच्या कापसाचे साम्राज्याच्या लेखी काय मोल होते ते दिसते. त्याच वर्षी मुंबई आणि इंग्लंड यांना जोडणारी समुद्राखालची तार पूर्ण झाली. लिव्हरपूलचा भाव आता बोटीची वाट न पाहता येऊ लागला. जमीन ज्वारीकडून कापसाकडे वळत गेली. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात, हाती पैसा देणारे पीक संकटाच्या वेळी पोट भरत नाही, हा अनुभव या प्रदेशाने घेतला.

हा सर्व इतिहास आंतरराष्ट्रीय राजकारणाचा इतिहास आहे. तो लंडनच्या किंवा वॉशिंग्टनच्या दप्तरांत आहे, तसाच जिल्ह्यातील जिनिंगच्या जुन्या इमारतींत आणि जलंबच्या फाट्यावरही आहे. परंतु विद्यार्थी अमेरिकेचे यादवी युद्ध इतिहासाच्या एका पुस्तकात वाचतो, वऱ्हाडचा कापूस भूगोलाच्या दुसऱ्या पुस्तकात वाचतो, आणि या दोहोंची गाठ त्याला कोणी घालून देत नाही.

वर्गात काय घडते

पदवीच्या वर्गात हा विषय बहुधा व्याख्यांपासून सुरू होतो. वास्तववाद, आदर्शवाद, सत्तासंतुलन, सामूहिक सुरक्षितता, अलिप्ततावाद या संज्ञा एकामागून एक येतात. पुढे संयुक्त राष्ट्रांची रचना व कार्ये, सुरक्षा परिषदेतील नकाराधिकार, शीतयुद्धाची कारणे व परिणाम. या बाबी अनावश्यक आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या ज्या रीतीने शिकविल्या जातात त्या रीतीने त्या केवळ पाठ होतात. परीक्षेत अपेक्षित प्रश्नांची यादी ठरलेली, उत्तरे बाजारातील गाईडमध्ये तयार, आणि त्या उत्तरांत जग कोठे तरी १९९१ मध्ये, सोव्हिएत संघाच्या विघटनापाशी, थांबलेले.

याचा ठपका शिक्षकांवर ठेवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. अनेक महाविद्यालयांत पदे रिक्त आहेत. तासिका तत्त्वावर काम करणारा प्राध्यापक दोन-दोन महाविद्यालये सांभाळतो आणि मानधनाची वाट पाहतो. ग्रंथालयात परराष्ट्रधोरणावरील नवे पुस्तक आले तर ते इंग्रजीत असते. आणि ज्या विद्यार्थ्याचे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झाले त्याला ते वाचण्याचा धीर होत नाही. परिणामी जो विषय जिज्ञासेने फुलावा, तो वर्ष पार पाडण्याचे साधन होऊन बसतो.

आणि वर्गाने मोकळी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. ती दूरदर्शनच्या वाहिन्या आणि हातातील मोबाइल भरून काढतात. तेथे जागतिक राजकारण म्हणजे एक कुस्ती असते; आपला मल्ल कोण एवढे ठरवून टाळ्या वाजवायच्या असतात. कोणत्या राष्ट्राने कोणाला धडा शिकविला हे तेथे रोज कळते. पोटॅशचा भाव का वाढला हे मात्र कधीच कळत नाही. ज्याला जगाविषयी मते पुष्कळ आहेत पण माहिती अल्प आहे, असा पदवीधर तयार होणे हे अशिक्षितपणापेक्षा फार निराळे नाही.

लहान गावात जन्मलेला विषय

हा विषय दिल्ली-मुंबईच्या विद्यापीठांनी शिकवावा, बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात त्याची मातब्बरी काय, असाही एक सूर ऐकू येतो. त्याला या विषयाच्या जन्मकथेतच उत्तर आहे. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन १९१९ मध्ये स्थापन झाले, ते लंडनला नाही, ऑक्सफर्डलाही नाही. ते वेल्समधील अॅबरिस्टविथ या समुद्रकाठच्या लहानशा गावी स्थापन झाले. तेथील महाविद्यालय १८७२ मध्ये, अर्धवट राहिलेल्या एका हॉटेलच्या इमारतीत सुरू झाले होते आणि सामान्य वेल्श माणसांनी दिलेल्या छोट्या छोट्या वर्गण्यांचा त्याला आधार होता. पहिल्या महायुद्धात या महाविद्यालयातील तरुण मारले गेले. कोळशाच्या खाणी व गोद्यांतून संपत्ती मिळविलेल्या घराण्यातील डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन भगिनी यांनी त्या तरुणांच्या स्मरणार्थ देणगी दिली, आणि राष्ट्रे युद्धापर्यंत का पोहोचतात याचा अभ्यास व्हावा अशी इच्छा धरली. पुढे याच अध्यासनावर असताना ई. एच. कार यांनी दोन महायुद्धांमधील वीस वर्षांच्या संकटावरील आपला गाजलेला ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध केला.

थोडक्यात, हा विषय मुत्सद्द्यांच्या दालनात जन्मला नाही. आपली मुले कोणत्या निर्णयामुळे मेली, हे समजून घेण्याची एका लहान गावाची गरज त्याच्या मुळाशी होती. आपल्या देशात मात्र तो राजधानीत रुजला. दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय अध्ययनाची संस्था निघाली आणि १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तिने मोठे विद्वान दिले यात शंका नाही. परंतु तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयापर्यंत त्या विद्वत्तेचा प्रकाश फारसा पोहोचला नाही.

वऱ्हाडला या बाबतीत स्वतःची परंपरा नाही असेही नाही. डॉ. पंजाबराव देशमुख हे एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून आले आणि त्यांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी करून बहुजनांच्या मुलांसाठी महाविद्यालयांची दारे उघडली. केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांनी पुढाकार घेतलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर दिल्लीत उपस्थित होते. कुणब्याच्या पोराने जगाकडे पाहावे आणि जगाने त्याच्या शेतीकडे पाहावे, ही दृष्टी वऱ्हाडात पूर्वीच मांडली गेली आहे. परतवाड्यात जन्मलेल्या अरुण साधूंनी चीन व क्यूबा यांच्या क्रांतीवर, वि. ग. कानिटकरांनी व्हिएतनामवर, गोविंद तळवलकरांनी सोव्हिएत साम्राज्यावर मराठीत पुस्तके लिहिली. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत ग्रंथ काढले. मराठी भाषेला हा विषय पेलत नाही, ही सबब टिकणारी नाही. उणीव आहे ती ही परंपरा आजच्या घटनांपर्यंत आणण्याची.

जिनिव्हा आणि जिनिंग

मग शिकवावे कसे? उत्तर साधे आहे: जिल्ह्यातून जगाकडे जावे. हमीभावाचा प्रश्न घ्यावा. कापसाचा हमीभाव हा येथील प्रत्येक घराच्या बोलण्यातला विषय. तोच हमीभाव जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, वादाचा विषय झाला आहे हे किती जणांना ठाऊक आहे? भारत कापसाला ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आधार देतो, अशी हरकत अमेरिकेने २०१८ मध्ये तेथे नोंदविली. तीच अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदाने देते म्हणून ब्राझीलने २००२ मध्ये तिच्याविरुद्ध तक्रार नेली होती आणि जिंकलीही होती. २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन तो वाद मिटविला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी २००३ मध्ये हाच प्रश्न जगापुढे मांडला होता. नियम सर्वांना एकच असतात काय, बलाढ्य राष्ट्रालाही नियम कधी बांधू शकतो काय, दुर्बल राष्ट्रांनी एकत्र येण्याचा लाभ किती, हे या विषयातील मूलभूत प्रश्न आहेत. कापसाच्या एका गाठीतून ते सगळे शिकविता येतात.

सोयाबीनचेही तसेच. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव चढा असताना कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. खताच्या पोत्याचा प्रश्न घ्यावा. पोटॅशसाठी भारत जवळजवळ पूर्णतः परदेशांवर अवलंबून आहे. रशिया आणि बेलारूस हे त्याचे मोठे उत्पादक. त्यांच्यावर निर्बंध आले की १०:२६:२६ च्या पोत्यासाठी मेहकर-चिखलीच्या कृषी केंद्रांपुढे रांग का लागते, हे वर्गात समजले पाहिजे. नोकरदाराच्या घरातील तेलाचा डबाही या शिक्षणाला उपयोगी पडेल: इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ रोजी पामतेलाची निर्यात बंद केली आणि २३ मे रोजी ती पुन्हा सुरू केली. घराच्या जमाखर्चात या दोन तारखांना जागा आहे.

आणि लोणार. येथील सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. रामसर हे इराणमधील एक गाव. तेथे १९७१ मध्ये पाणथळ प्रदेशांच्या रक्षणाचा करार झाला आणि १९८२ पासून भारत त्यात सामील आहे. करार म्हणजे काय, तो राष्ट्राला कितपत बांधतो, करारातील शब्द आणि सरोवराच्या काठावरील वास्तव यांत किती अंतर आहे, हे शिकण्यासाठी या जिल्ह्याच्या विद्यार्थ्याला परगावी जाण्याचे कारण नाही. एस. टी. चे तिकीट पुरेसे आहे.

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ पासून नवा आराखडा लागू झाला आहे. त्यात मुख्य विषयाबरोबर इतर शाखांतील विद्यार्थ्यांसाठी खुल्या ऐच्छिक विषयांची आणि क्षेत्रीय प्रकल्पांची तरतूद आहे. या तरतुदींविषयी नाना तक्रारी आहेत आणि त्यांतील पुष्कळ रास्त आहेत. तथापि हाती आलेली संधी तक्रारीपायी दवडणे शहाणपणाचे नव्हे. वाणिज्य आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यालाही हा विषय खुला ठेवता येईल. क्षेत्रीय प्रकल्प म्हणून एका गटाने बाजार समितीच्या नोंदीवरून दहा वर्षांचे भाव उतरवून घ्यावेत आणि त्यांच्यासमोर जगातील घटनांच्या तारखा मांडाव्यात. कोठे संबंध आहे आणि कोठे तो आपण उगाच जोडतो, हे दोन्ही त्यातून कळेल. दुसऱ्या गटाने अमेरिकेची बाजू मांडावी, तिसऱ्याने मालीची, चौथ्याने तिरुपूर-इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगाची. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या जागी उभे राहून मांडता येणे, ही या विषयाची खरी परीक्षा होय. शेतकऱ्याच्या मुलाला वस्त्रोद्योगातील मजुराची अडचण समजली, तर त्याचा स्वतःच्या बापाच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा होत नाही, उलट धारदार होतो.

पोटाचा प्रश्न

हे सारे ठीक, पण नोकरी कोणती मिळेल, असे पालक विचारतील. तो प्रश्न उडवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. या विषयाने परराष्ट्रसेवेची दारे सताड उघडतील, असे सांगणे ही फसवणूक ठरेल. तेथील जागा मोजक्या आहेत. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत हा विषय आहे आणि ती परीक्षा मराठीतून देता येते, हे खरे. परंतु स्पर्धापरीक्षेच्या खोलीत तरुणपणाची कित्येक वर्षे घालविलेल्यांची संख्या या जिल्ह्यातही लहान नाही. त्या आशेवर विषय विकू नये.

लाभ आहे तो निराळा. शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब ठेवणारा, बँकेत पीककर्जाचे कागद पाहणारा, शाळेत नागरिकशास्त्र शिकविणारा, तहसील कचेरीत बसणारा, हे सर्वजण पदवीधर आहेत. त्यांच्याकडे माणसे विचारायला येतात. कापूस आज विकावा की थांबावा? मुलाला परदेशात वैद्यकीय शिक्षणाला पाठवावे काय? फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थ्यांना परत आणावे लागले. त्या देशाची पूर्व सीमा २०१४ पासून धुमसत होती, ही गोष्ट मुलांना पाठविताना किती पालकांना कोणी सांगितली होती? दलाल ती सांगणार नव्हता. गावातील एखादा जाणता पदवीधर ती सांगू शकला असता, जर त्याला ती शिकविली गेली असती.

येथे अधिक मोठी गोष्ट गुंतलेली आहे. आयात शुल्क माफ करण्याचा निर्णय चुकीचा होता की अपरिहार्य होता, यावर मतभेद होऊ शकतात. वस्त्रोद्योगात लाखो मजूर आहेत आणि त्यांचाही घास महत्त्वाचा आहे. परंतु असा निर्णय होताना कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांचा आवाज दिल्लीत कोणत्या स्वरूपात पोहोचतो? मोर्चाच्या घोषणेच्या स्वरूपात. निर्यातदारांचा आवाज मात्र आकड्यांच्या, करारांच्या कलमांच्या आणि निवेदनांच्या स्वरूपात पोहोचतो. मोर्चा आवश्यक असतो. पण मोर्चाच्या मागे टिपण लिहिणारा हात नसेल, तर आश्वासनावर समाधान मानून परतावे लागते. तो हात पदवीच्या वर्गातच तयार व्हावयास हवा. महानगरातील विद्यापीठ तो तयार करून देणार नाही, कारण त्याला कपाशीची बोंडे ठाऊक नाहीत.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने अभ्यासक्रमात जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा जगाशी असलेला संबंध हा एक घटक समाविष्ट करावा; प्रश्नपत्रिकेत व्याख्येऐवजी घटना देऊन तिची मीमांसा करण्यास सांगणारा एक तरी प्रश्न अनिवार्य करावा; रिक्त पदे भरावीत; आणि दोन-चार महाविद्यालयांच्या शिक्षकांनी मिळून वर्षाकाठी एक मराठी पुस्तिका काढावी, जिच्यात त्या वर्षीच्या घटनांचा या प्रदेशाशी असलेला संबंध मांडलेला असेल. यांतील पहिल्या तीन गोष्टींसाठी विद्यापीठाची किंवा शासनाची वाट पाहावी लागेल. चौथीसाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. पुढच्या वेचणीचा कापूस खामगावच्या बाजारात येण्यापूर्वी तिचा पहिला अंक विद्यार्थ्यांच्या हाती पडला, तर त्या हंगामाचा भाव कदाचित बदलणार नाही. पण तो भाव कोठून आला हे सांगणारी काही माणसे जिल्ह्यात असतील.